मदत हवी आहे : चिपाडांतल्या जिवाणूच्या विकराचे (एन्झाइमचे) कार्य कसे ओळखावे?
नमस्कार. कोल्हापूरजवळच्या एका गुऱ्हाळामागे कुजत पडलेल्या चिपाडांतून वेगळ्या केलेल्या जिवाणूत मला एक विकर सापडले असून अमिनो आम्लांच्या अनुक्रमावरून ते जीएच-५ या, शर्करांच्या साखळ्या तोडणाऱ्या विकरांच्या कुलातले दिसते. परंतु या कुलात सेल्युलोज तोडणारी आणि मॅनन (मॅनोज या शर्करेची साखळी) तोडणारी अशी दोन्ही विकरे असल्यामुळे नुसत्या कुलावरून कार्य ठरत नाही. अल्फाफोल्ड या प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या संगणकीय साधनाने वर्तवलेल्या रचनेत उत्प्रेरक ग्लुटामेटची जोडी (साखळी तोडणारी दोन अमिनो आम्ले) जागेवर आहे, मात्र साखळी जिथे बसते त्या खाचेच्या तोंडाशी एक लांब वळसा आहे, जो जवळच्या नातलगांत नाही, आणि माझे सारे लक्ष तिथेच अडकले आहे. नातलग विकरांशी तुलना करण्यासाठीच्या वंशवृक्षात केवळ प्रयोगाने कार्य सिद्ध झालेलीच विकरे घ्यावीत का? त्या वळशावरून हे विकर कोणती साखळी धरेल, याचा अंदाज कसा बांधावा?