पन्ना कोटा : फळ कोणते, आणि जिलेटिन की अगर-अगर?

ए-१०४ : सोसायटीतील सर्वांना नमस्कार. शनिवारी रात्री आठ जणांसाठी पन्ना कोटा, म्हणजे जिलेटिनने घट्ट केलेला क्रीमचा थंड इटालियन गोड पदार्थ, करण्याचा विचार आहे आणि त्यात आंबा, अननस किंवा पॅशन फ्रूट यांपैकी एखादे फळ घालायचे आहे. ताजा अननस घातला की मिश्रण घट्ट होतच नाही, असे कानावर आले आहे. यात कितपत तथ्य आहे आणि आंब्यालाही तोच नियम लागू होतो का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सी-६०२ : पूर्ण तथ्य आहे. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे एन्झाइम असते आणि त्याचे कामच प्रथिनांचे तुकडे करणे हे आहे. जिलेटिन हे प्रथिन असल्यामुळे त्याची जाळी तयारच होत नाही आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही सकाळी वाटीत पातळ क्रीमच मिळते. पपईतील पपेन आणि किवीतील अॅक्टिनिडिन हीदेखील याच जातकुळीतली आहेत. आंब्याच्या बाबतीत मात्र निर्धास्त राहा, कारण त्याचा ताजा गर जिलेटिनबरोबर व्यवस्थित घट्ट होतो. पॅशन फ्रूटची अडचण एन्झाइमची नसून आंबटपणाची आहे. त्याचा रस गरम क्रीममध्ये ओतला तर क्रीम फाटते.

ए-५०३ : काका, अननस आधी फ्रीझरमध्ये ठेवून गोठवला तर हे एन्झाइम निकामी होते का?

सी-६०२ : नाही. थंडीमुळे ते केवळ मंदावते आणि फळ वितळले की पुन्हा कामाला लागते. ते निकामी करण्याचा खात्रीचा मार्ग उष्णता हाच आहे. अननसाचे बारीक तुकडे थोड्या साखरेबरोबर रटरटा उकळू द्यावेत, तुकडे मऊ होऊन पारदर्शक दिसू लागले की उतरवावेत आणि पूर्ण गार झाल्यावरच वापरावेत. डबाबंद अननस आधीच उष्णतेतून गेलेला असल्यामुळे तो सरळ चालतो.

बी-३०१ : मी जिलेटिन वापरत नाही, कारण ते जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून काढतात. माझा पन्ना कोटा नेहमी अगर-अगरचा असतो. ते समुद्री शेवाळापासून मिळते आणि प्रथिन नसल्यामुळे अननसातील एन्झाइम त्याला धक्का लावू शकत नाही. मग अगर-अगर वापरून ताजा अननस घालण्यास काय हरकत आहे?

सी-६०२ : ताई, घट्ट होण्याच्या दृष्टीने काहीच हरकत नाही, पण चवीच्या दृष्टीने आहे. अगर-अगर शाबूत राहिले, तरी दुधातील आणि क्रीममधील प्रथिने त्याच एन्झाइमच्या तावडीत सापडतात आणि काही तासांनी मिश्रणाला कडवट चव येते. म्हणून घट्ट करणारा पदार्थ कोणताही असो, अननस शिजवूनच घ्यावा. नारळाच्या दुधाचा पन्ना कोटा केलात, तर त्यात प्रथिने अगदी कमी असल्यामुळे हा कडवटपणा सहसा जाणवत नाही आणि अननसाशी त्याची चवही सुरेख जुळते.

ए-१०४ : आठ जणांसाठी प्रमाण काय घ्यावे? आणि आंब्याचा गर मिश्रणातच ढवळावा की वरून घालावा?

सी-६०२ : प्रमाण आधी सांगतो. ६०० मिलीलीटर क्रीम, ४०० मिलीलीटर दूध, १०० ग्रॅम साखर आणि व्हॅनिला. वाटीतच वाढणार असाल तर जिलेटिनची पूड १० ग्रॅम पुरते. ताटलीत उलटायचे असेल तर १२ ग्रॅम घ्यावी. क्रीम ३० ते ३५ टक्के स्निग्धांशाचे असावे. २५ टक्क्यांचेच मिळाले, तर दूध कमी करून तेवढे क्रीम वाढवावे. जिलेटिन पाचपट थंड पाण्यावर भुरभुरून दहा मिनिटे फुगू द्यावे. एकाच जागी ओतले तर वरचा थर भिजतो आणि आत कोरडी गुठळी राहते, ती नंतर कितीही ढवळले तरी मोडत नाही. क्रीम, दूध आणि साखर यांचे मिश्रण वाफ येईपर्यंतच तापवावे आणि आच बंद केल्यावर त्यात फुगलेले जिलेटिन विरघळवावे. जिलेटिन उकळत ठेवले तर त्याची घट्ट करण्याची ताकद कमी होते.

यानंतरच्या टप्प्याला बहुतेक जण फाटा देतात आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. मिश्रण गाळून घ्यावे, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावे आणि ते किंचित दाटसर होईपर्यंत, म्हणजे चमच्याच्या पाठीवर पातळ थर टिकेपर्यंत, हलक्या हाताने ढवळत राहावे. गरम मिश्रण तसेच वाट्यांमध्ये ओतले, तर स्निग्धांश वर तरंगतो, व्हॅनिलाच्या बिया तळाशी बसतात आणि एका वाटीत दोन वेगवेगळे पदार्थ तयार होतात.

आंब्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : गर वरूनच घालावा. मिश्रणात मिसळला तर क्रीमची चव दबते आणि आंबाही धड लागत नाही. तरीही मिसळायचाच असेल, तर गर हा द्रवातच धरावा, म्हणजे ३०० मिलीलीटर गर घेताना दूध आणि क्रीम मिळून ७०० मिलीलीटरच घ्यावे आणि जिलेटिन पूर्ण एका लीटरच्या हिशोबाने घालावे.

बी-३०१ : या मताला माझा दुजोरा आहे. हा पदार्थ इटलीच्या वायव्येकडील पिमोंते प्रदेशाचा मानला जातो आणि त्या प्रदेशाने २००१ मध्ये आपल्या पारंपरिक खाद्यपदार्थांच्या यादीत त्याचा समावेश केला आहे. तिकडेही मूळ पदार्थ क्रीम, साखर आणि जिलेटिन एवढ्यावरच उभा असतो. फळांचा रस किंवा कॅरॅमल वरून घालतात. आता अगर-अगर वापरणाऱ्यांसाठी थोडे लिहिते, कारण पाककृतीत जिलेटिनच्या जागी तेवढेच अगर-अगर घातले तर खोडरबर तयार होतो. एका लीटरला ३ ते ४ ग्रॅम पूड पुरेशी होते. ती थंड दुधातच घालून ढवळावी आणि दूध उकळल्यावर मंद आचेवर दोन मिनिटे तरी उकळत ठेवावे. नुसते गरम करून अगर-अगर विरघळत नाही. मग त्यात क्रीम घालावे, मात्र ते फ्रिजमधून काढलेले नसावे. अगर-अगर साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होऊ लागते, त्यामुळे थंडगार क्रीम किंवा थंडगार गर त्यात पडला की त्या क्षणी बारीक गाठी होतात.

ए-५०३ : चवीत फरक कळतो का, काकू?

बी-३०१ : चवीत नाही, पण तोंडात कळतो. जिलेटिन शरीराच्या तापमानाला वितळते, म्हणून तो पन्ना कोटा जिभेवर विरघळतो. अगर-अगर वितळण्यासाठी ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे तो तोंडात तुटतो, विरघळत नाही. म्हणूनच मी प्रमाण शक्य तितके कमी ठेवते आणि ओतण्यापूर्वी चमचाभर मिश्रण थंड ताटलीवर टाकून पाहते. ते पळीवाढे राहिले तर चिमूटभर पूड थोड्या दुधात उकळून त्यात मिसळते. अगर-अगरच्या पन्ना कोट्याला दुसऱ्या दिवशी कडेने थोडे पाणीही सुटते. म्हणून तो त्याच दिवशी संपवलेला बरा.

ए-१०४ : मनःपूर्वक आभार. मग शनिवारी खाली जिलेटिनचा साधा पन्ना कोटा आणि वर आंबा व पॅशन फ्रूट असा बेत ठरवते. वरचा थर कधी ओतावा, आणि ताटलीत उलटण्याचे धाडस करावे का?

सी-६०२ : शुक्रवारी रात्रीच खालचा भाग करून ठेवा. चार तासांत तो घट्ट होतो, पण रात्रभर ठेवल्यास पोत अधिक एकसारखा येतो. वाट्या झाकून ठेवा, कारण क्रीम फ्रिजमधला कांद्यालसणाचा वास पटकन ओढून घेते. फ्रीझरमध्ये घाईने थंड करण्याच्या फंदात पडू नका. गोठले की जाळी मोडते आणि नंतर पाणी सुटते. वरचा थर शनिवारी वाढण्यापूर्वी घाला. दोन पॅशन फ्रूटचा गर बियांसकट एका मोठ्या आंब्याच्या गरात मिसळला, तर आंब्याचा गोडवा आणि पॅशन फ्रूटचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात. हे मिश्रण फ्रिजमधले थंडच असावे, कारण कोमट गरानेही खालचा पन्ना कोटा वितळू लागतो.

उलटायचे असल्यास साच्यांना आतून स्वाद नसलेल्या तेलाचा पुसटसा हात लावा. वाढताना साचा गरम पाण्यात पाच ते दहा सेकंदच धरा, कडेला बोटाने हलकेच दाबून आत हवा शिरू द्या आणि मग ताटली वर ठेवून उलटा करा. सुटलेला पन्ना कोटा ताटली हलवल्यावर डुलला पाहिजे. ताठ उभा राहिला तर जिलेटिन जास्त झाले असे समजावे. आठ जण जेवून बसलेले असताना हा खेळ करण्यापेक्षा काचेच्या वाट्यांमध्ये वाढणे मला तरी सोयीचे वाटते. काचेतून दोन्ही थर दिसतात आणि १० ग्रॅमच्या मऊ प्रमाणात भागते.

ए-१०४ : मग काचेच्या वाट्याच घेते. बी-३०१ मधील काकूंसाठी एक वाटी अगर-अगरची वेगळी करते आणि ती शनिवारी सकाळीच करते.

बी-३०१ : एका वाटीला १२५ मिलीलीटर मिश्रण धरलेस, तर अगर-अगर अर्धा ग्रॅमसुद्धा लागणार नाही आणि ते घरच्या काट्यावर नीट मोजता येणार नाही. त्यापेक्षा चार वाट्यांचे एकदम कर, त्याला २ ग्रॅम पूड घे आणि उरलेल्या तीन वाट्या माझ्याकडे पाठव.