मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते आता नाहीत. सोलरची सबसिडी कोणाला मिळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात सहकारनगरला आमचं जुनं बैठं घर आहे, सासऱ्यांनी बांधलेलं. गच्ची मोकळी, दक्षिणेकडून सावली नाही. महिन्याला सरासरी तीनशे युनिट पडतात, मे महिन्यात चारशेच्या पुढे. पीएम सूर्यघर योजनेतून ३ किलोवॉट बसवायचं ठरलंय. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे ७८,००० मिळतात आणि ते सगळं बसवून झाल्यावर खात्यात जमा होतात, इथपर्यंत कळलं.

अडचण पुढे आहे. मीटर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

एक वेंडर म्हणतो, "अर्ज त्यांच्याच नावाने भरू, खातं तुमचं देऊ, काही होत नाही." त्याचं कोटेशन १,५२,०००. दुसरा १,९८,००० सांगतो, आणि नाव बदलल्याशिवाय कामाला हात लावणार नाही म्हणतो. घर सासूबाई, माझे यजमान आणि मिरजेची नणंद अशा तिघांचं. नावबदलाचं काढलं की सासूबाई गप्प होतात. परवा म्हणाल्या, "दर महिन्याला एक कागद तरी त्यांच्या नावाने घरी येतो गं." त्यांना दुखवून मला काहीच करायचं नाहीये.

आणखी एक. माझ्या भावाने न्यू जर्सीत २०२२ साली पॅनल बसवले, तेव्हा खर्चाच्या ३० टक्के रक्कम त्याच्या आयकरातून थेट वजा झाली. आपल्याकडे असं काही आहे का? पहिला वेंडर "इन्कम टॅक्समध्येही बसतं" म्हणाला, पण कशात ते सांगेना.

गच्चीकर:
ताई, आधी नावबदल, मग सोलर. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकला की महावितरणकडे जे नाव आहे तेच येतं, आणि सबसिडीचं बँक खातं त्याच नावाचं लागतं. गेलेल्या माणसाच्या नावाने अर्ज करायला सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता ते स्वस्त कोटेशन. त्यात पॅनल डीसीआर आहेत का, ते लेखी विचारा. डीसीआर म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले. सबसिडी फक्त त्यांनाच आहे. साधे पॅनल स्वस्त पडतात, पण मग ७८,००० विसरायचे. तुमचाच हिशेब बघा: महागातलं सबसिडी वजा जाता १,२०,०००, आणि स्वस्तातलं १,५२,०००.

कोटेशनवर जीएसटी किती लावलाय तेही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा दर १२ वरून ५ टक्के झालाय. आमच्या कोथरूडच्या शेजाऱ्यांना जुन्याच दराचं कोटेशन हातात मिळालं होतं.

३ किलोवॉटला तीनेकशे चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला साधारण १२ युनिट मिळतात. पावसाळ्यात बरेच कमी. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात, ३१ मार्चला वर्षाचा हिशेब होतो. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. आणि बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर भर उन्हातही सोलर बंद पडतं, हे घरी आधीच सांगून ठेवा.

जमाखर्च:
मी कर सल्लागार आहे. राहत्या घरावर सोलर बसवलं म्हणून आयकरात वजावट मिळत नाही. वेंडरने ऐकलं असेल ते ४० टक्के घसाऱ्याचं (वस्तू झिजते म्हणून दरवर्षी खर्चात धरता येणारी रक्कम). तो धंद्याच्या मालमत्तेवर, म्हणजे कारखाना, दुकान, ऑफिस यांच्यासाठी. पुण्यात घरगुती करसवलत मिळते ती महापालिकेच्या घरपट्टीत: सोलरसाठी ५ टक्के, आणि सोबत पावसाचं पाणी जिरवण्याची सोयही असेल तर १०. यंत्रणा चालू आहे का, हे पालिका तपासते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. स्वस्तातल्याला डीसीआरचं विचारलं, तेव्हा "तुम्हाला सबसिडी कशाला हवी" असं उत्तर आलं. त्याला नकार कळवला.

काल रात्री सासूबाईंशी बोलले. मीटर माझ्या किंवा यजमानांच्या नावावर न करता त्यांच्याच नावावर करायचं, म्हणजे बिलावर आडनावाआधी मधलं नाव म्हणून मामंजींचं नाव दर महिन्याला येत राहील. त्या लगेच कपाटाकडे गेल्या आणि मृत्यूच्या दाखल्याची प्रत काढून दिली. सबसिडीही त्यांच्याच पेन्शनच्या खात्यात येईल.

आता एकच विचारायचं राहिलं. नणंदबाई ना-हरकत द्यायला तयार आहेत, पण गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने प्रवास करू शकत नाहीत. मिरजेतच नोटरी करून कागद कुरियरने मागवला तर इथे चालेल का? कोणी नुकतंच वारसनोंदीवरून मीटरचं नाव बदललं असेल तर कृपया सांगा, सोमवारी अर्ज घेऊन जायचं आहे.