बाबांची फ्लूची लस: खानापुरात कोण टोचून देईल?

मदत हवी आहे. बाबा ७२ वर्षांचे, शुगर आणि दमा दोन्ही. बेळगावच्या डॉक्टरांनी फ्लूची लस लिहून दिलीय. अंड्याची ॲलर्जी नाही, सध्या ताप-खोकला नाही. मागच्या वर्षी बेळगावातच घेतली, पण आता त्यांना बसचा प्रवास झेपत नाही.

सरकारी दवाखान्यात चौकशी केली, तिथे ही लस नाही. इथले मेडिकलवाले टोचत नाहीत. (इंग्लंडमध्ये २०१५ पासून सरकारी योजनेतच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट टोचतात. मावसभाऊ तिकडून फुशारकी मारतो!) गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "लस आणा, मी टोचतो."

घोडं अडलंय ते आणण्यात. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि गोठली तरी वाया. बेळगावचे मेडिकलवाले प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावरच खोकं ठेवून देतात, ते मला पटत नाही. घरच्या फ्रिजचाही भरवसा नाही, पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून आणली की लगेच टोचून घेणार.

खानापूर-नंदगड भागात स्वतःकडे लस ठेवून टोचणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? नसतील तर बेळगावहून आणताना ती नेमकी कशी बांधून घ्यायची?