मदत हवी आहे: बॉल पायथन पेटीतून निसटलाय, घरातच कुठेतरी आहे (सांगली)

विश्रामबागकर
दुसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. बॉल पायथन (पाळीव, बिनविषारी विदेशी साप), नर, दोन वर्षांचा, साधारण तीन फूट, वजन ८०० ग्रॅमच्या आसपास. रात्री साडेअकराला पेटीत होता. सकाळी झाकणाची एक क्लिप निघालेली आणि आत कोणी नाही. शेवटचं खाणं नऊ दिवसांपूर्वी झालंय. पेटी मागच्या बेडरूममध्ये असते, पण दार रात्रभर उघडंच होतं. सध्या रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतोय. घरात आई आणि दीड वर्षाची मुलगी. त्या खोलीतलं कपाट, गादी, पडदे बघून झाले. आई म्हणते सर्पमित्राला बोलाव. पुढे काय करू?

काचपेटी
आधी शोधणं थांबवा आणि वाटा बंद करा. बाल्कनीचं दार, मोरीच्या जाळ्या (जाळी सैल असेल तर वर पाण्याने भरलेली बादली), कमोडचं झाकण, वॉशिंग मशीनचा पाइप जातो ते भोक. प्रत्येक खोलीचं दार लावून खालच्या फटीत टॉवेल घट्ट कोंबा. डोकं शिरलं की उरलेला साप शिरतोच, म्हणून अंगठ्याएवढी फटसुद्धा मोठी समजा. उंदरांसाठी चिकट पाट्या ठेवल्या असतील तर आत्ताच उचला. त्यावर साप चिकटला तर ओढायचा नाही, कातडी फाटते. गोडं तेल जिरवत हळूहळू सोडवायचा.

वॉशिंग मशीन, मिक्सर, रिक्लायनर, दिवाणाचा उचलायचा कप्पा, काही चालवायचं नाही. सोफ्यावर बसायचंही नाही. अशा वेळी साप बहुतेक माणसाच्याच हातून दबून मरतो.

मग शोध. पेटीच्या खोलीपासून सुरुवात, भिंतीकडेने, जमिनीलगत. टॉर्च उभ्याने मारू नका. पालथं पडून फरशीला समांतर धरा, म्हणजे कपाटाखालचा गोळा सावलीने कळतो. हा साप मोकळ्यावर पसरत नाही. पाठ, पोट दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं त्याला हवं असतं. म्हणून ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि मागची पोकळी बघा. सोफा उलटा करण्याआधी खालचं काळं कापड कुठे फाटलंय का ते हाताने नाही, टॉर्चने बघा. पुस्तकांच्या मागे, गुंडाळलेल्या सतरंजीत, बुटांत. वर चढत नाही असं समजू नका, पडद्यावरून पेलमेटपर्यंत जातो.

या थंडीत मात्र माझा पहिला संशय गरम जागांवर. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसर आणि त्यावरचा पाण्याचा ट्रे, म्हणजे ऊब आणि ओल एकाच ठिकाणी. इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्स, राउटर. फ्रिज आणि इन्व्हर्टरमागे बघायचं ते प्लग काढून.

टॉर्चवाला
वरच्या सगळ्याला एक जोड. न बघता कुठेही हात घालू नका. सांगली-साताऱ्यात घरात सापडलेला साप आपलाच असेल असं नाही. मण्यार रात्री घरात शिरते, दुसरा मजला असला तरी. आणि टॉर्चच्या उजेडात बॉल पायथनची गल्लत होते ती घोणशीशी. घोणशीच्या अंगावर साखळीसारखे लांबट गोल ठिपके तीन रांगांत, अगदी मापात. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. बॉल पायथनचे पट्टे वेडेवाकडे, एकासारखा दुसरा नाही, आणि वरच्या ओठावर छोट्या खाचा दिसतात. शंका आली तर दार लावून बाहेर या.

तुमच्या सापाचा फोटो खालच्या-वरच्या फ्लॅटमध्ये आणि वॉचमनला आजच दाखवा. लाज वाटेल, वाटू दे. फोटो न दाखवता साप जिन्यात दिसला तर लोक घोणस समजून काठीच उचलणार.

सातारारोड
आईंचं म्हणणं चुकीचं नाही, पण बोलावताना 'विदेशी, पाळीव, बिनविषारी' हे तीन शब्द फोनवरच सांगा. नाहीतर अजगर म्हणून धरून कुठेतरी सोडला जाईल, आणि पश्चिम आफ्रिकेतला हा प्राणी आपल्या रानात सोडण्यासारखा नाही. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

कागद तयार ठेवा. देशी साप (धामण, मांडूळ, अजगर काहीही) १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताच येत नाहीत. बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती पावती मोबाइलमध्ये असली की पुढचं बोलणं सोपं जातं.

काचपेटी
दिवसा नाही सापडला तर रात्रीची तयारी. तो निशाचर आहे, साधारण ११ नंतर हलतो.

चपलांचा खोका, बाजूला ५-६ सेंटिमीटरचं भोक, आत चुरगळलेले कागद आणि एक ओलसर फडकं. खोका भिंतीला चिकटवून ठेवा, कारण साप भिंत धरून चालतो. खोक्याखाली दुमडलेला टॉवेल आणि त्याखाली कमरेला शेकायचा पॅड, सगळ्यात कमी आचेवर. आत थर्मामीटर ठेवून ३१-३२ अंश येतात का बघा. ३५ च्या वर गेलं तर टॉवेल वाढवा. पॅड अंगाला थेट लागला तर साप भाजतो, चटका बसला तरी तो हलत नाही. बाकी खोल्यांत हीटर लावू नका. सगळीकडे ऊब असेल तर खोक्याकडे यायचं कारणच उरत नाही. जिवंत उंदीर मोकळा सोडायचा नाही, तो झोपलेल्या सापाला कुरतडतो.

प्रत्येक दाराच्या उंबऱ्यात तांदळाच्या पिठीचा चार बोटं रुंद, पातळ पट्टा. कोपऱ्यांत चुरगळलेल्या कॅरीबॅगा. अंग घासलं की आवाज येतो. डांबरगोळ्या, फिनेल, कार्बोलिक असलं काहीही टाकू नका. त्याने साप बाहेर येत नाही, फक्त त्याची फुफ्फुसं आणि कातडी पोळते.

विश्रामबागकर
रात्री दोनला उठून बघितलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातली पिठी मोडली आहे. दोन बोटं रुंद सरळ पट्टा, पिठी आतल्या बाजूला ओढली गेलीय. फ्रिजमागे नाही. खोका रिकामा.

काचपेटी
पावलांचे ठसे नाहीत म्हणजे उंदीर नाही. जड साप सरळ सरकतो, पट्टा तसाच दिसतो. पिठी ज्या बाजूला ओढली जाते तिकडे तो गेला, म्हणजे आत. टॉवेल लावून स्वयंपाकघर बंद करा, खोका तिथे ओट्याखाली हलवा.

आता ट्रॉल्या. खालच्या ट्रॉलीपासून ओढू नका, चॅनेलमध्ये (ट्रॉली सरकते ती लोखंडी पट्टी) साप चिरडतो. आधी ओट्याखालची पट्टी काढून तळ बघा. मग सगळ्यात वरची ट्रॉली बोटभर ओढून मागे टॉर्च, मोकळं दिसलं तरच पुढे. पूर्ण बाहेर आली की चॅनेलच्या दोन्ही काळ्या पट्ट्या (एक वर, एक खाली) दाबून उचलून घ्या. मग तिच्या खालची.

दिसला की वरून झडप नको, वरून येणारी सावली त्याला घारीची वाटते. बाजूने, पोटाखाली दोन ठिकाणी आधार देऊन, गोळा असेल तर गोळाच उचला. चॅनेलला किंवा पाइपला वेटोळं घातलं असेल तर शेपटी धरून ओढू नका, मणका दुखावतो. शेपटीकडून एकेक विळखा उलगडत या.

टॉर्चवाला
धरल्यावर लगेच गरम दिव्याखाली नको. आधी २६-२७ अंशांत तासभर, मग नेहमीचा गरम कोपरा. कोमट, उथळ पाण्यात १५-२० मिनिटं, पाणी प्यायला तेवढं पुरतं. आठवडाभर खायला देऊ नका. श्वासाला शिट्टी, नाकातोंडाशी बुडबुडे किंवा तोंड उघडं ठेवून मान वर धरली तर छातीचा संसर्ग समजा आणि डॉक्टर गाठा. तुमच्याकडचे डॉक्टर साप बघत नसतील तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा. मुलगी रांगत असेल तर तो फिरला ती फरशी साबणाने पुसा, साल्मोनेलाच्या जंतूंसाठी.

आणि ती क्लिप बदलू नका, सरकत्या काचेची पेटी आणि कुलूप घ्या. ट्रॉल्या काढताना दुसरं कोणीतरी टॉर्च धरायला असू दे.