ठिबकच्या जुन्या नळ्या आणि हँड मोल्डिंग: पैसा आधी कुठे लावावा?

जालना_फिटर
जालना-अंबड पट्ट्यात मोसंबीच्या बागा आणि ठिबक सगळीकडे आहे. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीत पसरलेल्या ठिबकच्या नळ्या, खराब झाल्या की गुंडाळून बांधावर टाकतात आणि शेवटी कुणीतरी त्यांना काडी लावतं. तो काळा धूर बघवत नाही, म्हणून आम्ही दोघा मित्रांनी हातावरचं मोल्डिंग मशीन बसवलं: प्लास्टिक वितळवून साच्यात दाबायचं. माल ढकलणारा २५ मिमीचा दांडा म्हणजे प्लंजर, वर तरफ, माल तापतो त्या नळकांड्याला (बॅरलला) पट्ट्यासारखे दोन बँड हीटर. लॅटरल जमिनीला धरून ठेवणाऱ्या खुंट्या काढतो. माल निघतो, पण एकसारखा निघत नाही. एक खुंटी भरीव, दुसरी शॉर्ट (अर्धवट भरलेली), तिसरीत करपलेले ठिपके.

आता सुधारणेसाठी थोडे पैसे हाताशी आहेत आणि जो तो म्हणतो, मोठं मशीन घ्या. माझं मत ठाम आहे: आधी उष्णता सुधारा, दाबाचं नंतर बघू.

हिशोब मांडतो. माणूस ४० किलोचा जोर लावतो, तरफ तो २० पट करते, म्हणजे ८०० किलो. प्लंजरचं क्षेत्रफळ ४.९ चौरस सेंमी. मालावर दर चौरस सेंमीला साधारण १६० किलो दाब येतो आणि जाड, आखूड वस्तू त्यात भरते. शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) मोठा हवा म्हणून प्लंजर ४० मिमीचा केला, तर तोच दाब ६४ किलोवर उतरतो. अनेकजण इथेच फसतात.

खरी अडचण बॅरलच्या आत आहे. मोठ्या मशीनसारखा फिरणारा स्क्रू नसल्यामुळे माल घुसळला जात नाही, उष्णता फक्त भिंतीकडून आत शिरते आणि प्लास्टिक उष्णता फार हळू वाहून नेतं. म्हणून कडेचा माल करपतो तेव्हा मधला अजून कच्चा असतो. जुन्या प्लंजर मशीनमध्ये बॅरलच्या पुढच्या भागात टॉर्पेडो, म्हणजे मधोमध एक निमुळता धातूचा ठोकळा, बसवत. त्याने माल पातळ थरात पसरतो आणि सगळीकडून सारखा तापतो. मला तो बसवायचाय. सोबत तापमान नेमकं राखणारा पीआयडी कंट्रोलर, भिंतीत खोलवर तापमान मोजणारं थर्मोकपल, माल बाहेर पडतो त्या नोझलला स्वतंत्र हीटर आणि वरून सिरॅमिक वूलचं वेष्टण. हे सगळं सिंगल फेजवर चालतं.

वाळूज_टूलरूम
दादा, दाबाचा हिशोब बरोबर आहे, पण पैसा चुकीच्या जागी जातोय. लॅटरल हा एक्स्ट्रूजन ग्रेडचा, म्हणजे डायच्या भोकातून सलग दाबून नळी काढायचा माल आहे. मेल्ट फ्लो इंडेक्स म्हणजे १९० अंशांवर, २.१६ किलो वजनाखाली, ठरलेल्या छिद्रातून १० मिनिटांत किती ग्रॅम माल बाहेर येतो तो आकडा; जितका लहान, तितका माल घट्ट. नळीच्या मालाचा हा आकडा १ च्या आसपास किंवा त्याखाली असतो, कारण डायमधून बाहेर पडल्यावर नळीला आकार धरून ठेवायचा असतो. इंजेक्शनचा माल साधारण ८ ते २० चा. तुमचा माल वितळला तरी घट्टच राहणार. टॉर्पेडो बसवाल, तर त्या अरुंद फटीतून तो ढकलायला आणखी दाब खर्च होईल, आणि दाब तर तुमच्याकडे मोजकाच आहे.

शिवाय उत्पादन बघा. शॉटला ३ मिनिटं धरली तर तासाला २० शॉट. ३० ग्रॅमची खुंटी असेल तर तासाला ६०० ग्रॅम. एका माणसाची रोजीसुद्धा सुटत नाही. लॅटरल स्वच्छ करून, जुनं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा काढणाऱ्याला विका, तिची पुन्हा नळीच होऊ द्या. मोल्डिंगच करायचं असेल तर जुनं स्क्रूचं मशीन घ्या. ३० सेकंदांचा सायकल धरला तर तासाला १२० शॉट पडतात, आणि स्क्रू माल घुसळतो म्हणून करपणं-कच्चं राहणं हा प्रश्नच बराचसा संपतो.

मोसंबी_बाग_बदनापूर
वाळूजवाले दादा, स्क्रूच्या मशीनला थ्री फेज लागती, तिचं काय करता? गावात आमच्याकडं थ्री फेज येती ती शेतीच्या फीडरवर, ८ तास, ती पण कधी दिवसा, कधी रात्री. त्या कनेक्शनवर मशीन चालवायला परवानगी नाही. औद्योगिक कनेक्शन घ्यायचं तर लाईन, खांब, डिपॉझिट, सगळं आलं. मशीन स्वस्तात मिळंल, पण त्याला खायला घालायचं कशातून?

मला फिटरभाऊंना दुसरंच सांगायचंय. तुमची खुंटी मी वापरली न्हाई, पण लॅटरलच्या मालाची खुंटी मऊ असणार. एप्रिल-मेमधी आमचं काळं रान असं टणक होतं की तीत ती घुसायच्या आधीच वाकंल. तुटके क्रेट का घेत न्हाई? मोसंबीच्या, टमाट्याच्या अडतीवर ढीग पडलेत. तो एचडीचा (कडक पॉलिथिनचा) माल, टणक असतोय, आन मुळात मोल्डिंगमधूनच निघालेला. आणखी एक, इनलाइन लॅटरलमधी नळीच्या आतच ड्रिपर असतात, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी पाणी सारखंच सोडणारा) असंल तर त्यात सिलिकॉनचा पडदा. तो वितळत न्हाई. आमच्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसलेला असतोय तो वेगळाच.

लातूर_बचतगट_ताई
आमच्या गटातल्या बाया प्लास्टिक निवडायचं काम करतात, म्हणून बोलते. तुम्ही सगळे दाब आणि तापमानावर बोलताय, श्वासावर कुणीच नाही. लॅटरलच्या ढिगात पीव्हीसीच्या पाइपाचे तुकडे सर्रास येतात. पीव्हीसी तापून फुटलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे, घसा जळतो आणि बॅरल गंजतं ते वेगळंच. पहिला पैसा निवडणीवर आणि मशीनच्या डोक्यावर बाहेर हवा खेचणारा पंखा बसवण्यावर खर्च व्हायला हवा. चुरा पाण्यात टाकला की पॉलिथिन आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) तरंगतं, पीव्हीसी आणि पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) तळाला जातं. यासाठी वीजही लागत नाही.

पण पाणी लागतं, आणि ते आमच्याकडे सहज नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते कुणी विसरलेलं नाही. त्यामुळे माती आधी कोरडी झाडून काढा, लॅटरल आपटून घ्या, मग धुवा. धुण्याचं पाणी टाकीत निवळू द्या आणि परत वापरा. गाळ ओढ्यात सोडू नका, त्यात प्लास्टिकचे कण असतात. मल्चिंग पेपर तर अजिबात घेऊ नका. नाव पेपर, पण तो २५-३० मायक्रॉनचा पातळ प्लास्टिकचा, त्याला चिकटलेली माती त्याच्याच वजनाच्या तोडीची. तो धुण्यात सगळं पाणी जाईल.

जालना_फिटर
ताई, पंखा आणि तरंगवायची टाकी यादीत सगळ्यात वर घेतो, त्याबद्दल दुमत नाही. बदनापूरचे भाऊ, क्रेटचं पटलं.

वाळूजच्या दादांशी मात्र माझं भांडण आहे. क्रेटचा चुरा वापरला की घट्टपणाचा प्रश्न बराच हलका होतो, आणि तेव्हा टॉर्पेडोच्या फटीत जाणारा दाब परवडतो. म्हणजे उष्णता आधी, हे मत अजून उभं आहे. रोजीचं म्हणाल, तर एकाच शॉटमध्ये दोन खुंट्यांचा साचा करता येईल. ३ मिनिटं जातात ती मुख्यतः माल तापायला, तिथेच टॉर्पेडो वेळ वाचवतो.

आणि दाणावाल्याला विकायचं म्हणता, पण तो गावात येतो कधी? स्वच्छ, गुंडाळलेली, ट्रक भरेल एवढी लॅटरल असली तर येतो. चार एकरवाल्याच्या दोन बंडलांसाठी कुणी येत नाही. ती बंडलंच जळतात.

वाळूज_टूलरूम
दोन बंडलांचा मुद्दा मान्य. पण त्याला उपाय मोल्डिंग नाही, गोळा करणं हा आहे. दहा गावांची लॅटरल एका शेडमध्ये साठवली की ट्रक भरतो. बचत गटांना यात मोल्डिंगपेक्षा जास्त पैसा दिसेल.

दोन खुंट्यांचा साचा करणार असाल तर वजन आधी बघा. शॉट दुप्पट होणार, म्हणजे २५ मिमीच्या बॅरलमध्ये मालाची लांबीही दुप्पट लागणार आणि तापवायचा मालही दुप्पट. वेळ तिथेच परत जाईल. त्याऐवजी खुंटीची जाडी कमी करून मधे रिब (ताकदीसाठी पातळ उभी पट्टी) द्या. माल कमी लागेल, थंड लवकर होईल, सिंक मार्क (थंड होताना पडणारे खड्डे) जातील. साच्यात हवा निघायला ०.०२ मिमीची फट ठेवा. शॉर्ट माल कधी कधी दाबामुळे नाही, अडकलेल्या हवेमुळे येतो, आणि ते काळे ठिपकेसुद्धा साच्याच्या टोकाशीच असतील तर हवा दाबून तापल्यामुळे माल जळतोय असं समजा. ठिपके नेमके कुठे येतात?

जालना_फिटर
टोकाशी. जवळपास सगळे टोकाशी.

वाळूज_टूलरूम
मग टॉर्पेडोच्या आधी व्हेंट, म्हणजे हवेची ती फट, कापा. कानस (फाइल) आणि फट मोजायच्या पातळ पट्ट्या (फीलर गेज) पुरे, खर्च काही नाही. क्रेटच्या चुऱ्याचा नमुना चिकलठाण्याला सीपेट या प्लास्टिकच्या सरकारी संस्थेत देऊन फ्लो इंडेक्स काढून आणा. आकडा ४-५ च्या वर आला तर तुमच्या टॉर्पेडोचं ड्रॉइंग मी स्वतः काढून देतो. खाली आला तर गोळा करायच्या शेडबद्दल बोलू.

मोसंबी_बाग_बदनापूर
क्रेट मी धाडतो, पोतं भरून. खुंट्या निघाल्या की आमच्या रानात ठोकून बघू, मे महिन्यातच.