प्रतिसाद: पिंपात इतका तंबाखू कसा मावायचा?
वर विचारलंय की अमेरिकेतल्या व्हर्जिनियात, ब्रिटिश वसाहतीच्या काळी, चारेक फूट उंच लाकडी पिंपात हजार पौंड तंबाखू यंत्राविना कसा बसायचा. यंत्र होतंच, फक्त साधं: लांब तुळईची तरफ. एक टोक झाडाच्या किंवा खांबाच्या खाचेत अडकवलेलं, दुसऱ्याला दगडांचं वजन. तंबाखूच्या पानांच्या जुड्यांचा थर लावायचा, दाबायचा, पुन्हा थर. पुढे मळसूत्री दाबयंत्रं आली.

खरं कसब पान ओळखण्यात. कोरडं असेल तर चुरा, जास्त ओलं असेल तर पिंपातच कुजणार. जहाजाचं भाडं पिंपामागे असल्यामुळे मळेवाले ठासून भरायला लावत, आणि हे जिवावरचं काम बहुतेक गुलामांच्या माथी असे. ते विसरून नुसत्या यंत्राचं कौतुक मला पटत नाही. व्हर्जिनियातल्या १७३० च्या तंबाखू तपासणी कायद्यानंतर सरकारी तपासनीस पिंप उघडून बघत. खराब माल जाळला जाई.