विषय: विलायती घरांचे नियम आणि आपली चिक

लेस्टरहून, ११ फेब्रुवारी २०२४

मंडळींना नमस्कार. इंग्लंडच्या सरकारने नव्या घरांच्या 'फ्यूचर होम्स' नियमांवर हरकती-सूचना मागवल्या आहेत, मुदत ६ मार्च. भिंती-छपराच्या इन्सुलेशनच्या किमान अटी २०२१ च्याच ठेवायच्या म्हणतात (छपराचा यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती झिरपते त्याचा आकडा, ०.१६). पण घर तापू नये म्हणून बांधकाम-नियमांत जो 'पार्ट ओ' हा भाग आहे, त्याबद्दलही माहिती विचारली आहे. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडात पारा ४०.३ अंशांवर गेला तेव्हा आमच्या माळ्यावरच्या खोलीची भट्टी झाली होती. ग्वाल्हेरकरांनी काही सुचवावं.

Re: ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून

चि. पुतण्यास आशीर्वाद. चाळीस? मे महिन्यात इथे चाळीस असलं की आम्ही 'आज जरा बरं आहे' म्हणतो!

यू-व्हॅल्यू जितका लहान, तितकी उष्णता कमी झिरपते. आपल्याकडच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीचे नियम) छपराला १.२ पर्यंत चालतं, म्हणजे तुमची अट साडेसात पट कडक. तुझी ती खोली मी पाहिली आहे. तिरप्या छपरात भलीमोठी काच, आणि पडदा आतून! ऊन एकदा काचेतून आलं की पडदा तापणार, ऊब खोलीतच राहणार, आणि थंडीसाठी घातलेलं जाड इन्सुलेशन तिला बाहेरही जाऊ देणार नाही. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. दौलतगंजच्या घरी आई दहा वाजताच बाहेरून चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) सोडायची, आणि वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं काम माझ्याकडे. दीड हात दगडी भिंतीचं कौतुक फार करू नकोस. दिवसाचं ऊन आत पोचायला तिला रात्र व्हायची, म्हणून तर आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो.

आता या फ्लॅटमध्ये डोक्यावर नुसती स्लॅब. ठेकेदाराने ब्रिकबॅट कोब्याचे (स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराचे) पैसे घेतले, पण मला वरचा थर बोटभरच वाटतो. पंखा गरम हवाच ढवळतो.

— काका

Re: Re: कार्यवाह

चर्चा छान, पण गुढीपाडव्याची वर्गणी अजून निम्म्यांची आलेली नाही.

Re: Re: Re: लेस्टरहून

काका, बाहेरच्या शटरचा मुद्दा लिहिला. रात्री खिडक्या उघडाव्या म्हटलं, तर पार्ट ओ म्हणतो आवाज आणि चोरांचाही विचार करा. तळमजल्याला ते खरंच आहे. वर्गणी आज पाठवतो. आणि तुम्ही तो कोबा एका कोपऱ्यात खणून बघाच, फोटो इथेच टाका.